नळांच्या भिंतीसमोर भावोजी

आमच्या भावोजींना दारातच अडवून त्या पबनं पहिला प्रश्न विचारला तो असा: "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" विचारणारा माणूस नव्हता. छातीएवढा उंच एक खांब होता, त्याला काचेचं तोंड होतं आणि त्या तोंडावर दोन गोल डोळे मिचमिच करत होते. भावोजींनी टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "काहीही म्हणा."

खांबाला ते पसंत पडलं नाही. त्यानं तोच प्रश्न तीनदा विचारला. शेवटी माझी भाची पुढे झाली, तिनं काचेवर "बाबा" असं टाइप केलं, खांबानं खालच्या फटीतून एक रबरी पट्टा बाहेर टाकला आणि तो भावोजींच्या मनगटावर बसला. मग मी "मामा" झालो. जावई "जावई" झाले. मागून जावयांचे साहेब आले, ते "साहेब" झाले. हे मात्र त्यांनी स्वतःच्या बोटानं टाइप केलं. भाचीनं स्वतःसाठी पट्टा घेतलाच नाही.

"आता तुम्ही मोकळे!" खांब ओरडला. "स्वतः भरा, स्वतः उचला, स्वतः मजा करा!" वा रे वा. साध्या खानावळीत ही कामं करायला माणसं ठेवतात. इथं माणसं काढून टाकली, कामं गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातली, वर त्याला मोकळीक म्हणायचं. अख्ख्या हॉलमध्ये पगारी माणूस एकच दिसला, आणि त्याच्या बनियनवर लिहिलं होतं, "मला विचारू नका, स्क्रीनला विचारा." मला त्या खांबाच्या तोंडावर फडकं टाकावंसं वाटलं.

भावोजी मात्र सगळं निरखून बघत होते. बघणारच. चौतीस वर्षं त्यांनी बस डेपोसमोरच्या एका बारमध्ये काउंटरमागे उभं राहून काढली. मालक तीन बदलले, भावोजी तेच. ठेंगणा बांधा, खांद्यावर फडकं, बोलणं बेताचं. स्वतः कधी प्यायले नाहीत. कामावर विचारलं तर म्हणायचे, "कामावर कोण पितं?" सुट्टीच्या दिवशी विचारलं तर, "घरी कोण पितं?" त्यांचा हात इतका बसलेला की ग्लास भरताना थेंब इकडचा तिकडे व्हायचा नाही. ताई, म्हणजे माझी बहीण, होती तेव्हा संध्याकाळी त्यांच्या शर्टाची बाही हुंगून बघायची आणि म्हणायची, "हा माणूस बारमध्ये जातो की वाचनालयात?"

त्यांच्या हातात दोन कला होत्या. एक सगळ्यांना ठाऊक होती. एखाद्याचं पुरे झालं असं दिसलं की भावोजी त्याला नाही म्हणायचे नाहीत. त्याचा रिकामा ग्लास घ्यायचे, स्वच्छ पुसायचे आणि त्याच्यासमोर उपडा ठेवायचे. बस्स. मग तो ड्रायव्हर असो, कंट्रोलर असो, नाहीतर गणवेशातला हवालदार असो, मुकाट्यानं उठून घरी जायचा. उपड्या ग्लासाशी हुज्जत घालताना मी कुणाला पाहिलं नाही, आणि त्या काउंटरवर मी बरीच वर्षं बसलो आहे, नको इतकी.

दुसरी कला कुणालाच ठाऊक नव्हती. डेपोतली काही माणसं कधी ना कधी दारू सोडून बसली होती. पण सोडली म्हणून संध्याकाळी जायचं कुठं? दोस्त सगळे तिथंच. आणि दोस्तांना कळलं तर ते पहिला घोट पाजल्याशिवाय राहत नाहीत. अशा माणसानं भावोजींना नुसतं "नेहमीचं" म्हणायचं. भावोजी काउंटरखाली वाकायचे, गार कोऱ्या चहात उंचावरून सोडा सोडायचे, वर फेस आणायचे आणि तोच ग्लास, तोच रंग त्याच्यापुढे ठेवायचे. शेजारी शेजारी बसून एक बियर पितोय, दुसरा चहा, आणि दोघांचाही आरडाओरडा सारखाच. अशी अकरा माणसं होती. त्यांतलं एकही नाव भावोजींनी ताईलासुद्धा सांगितलं नाही. ताईचा सख्खा भाऊ त्यांत होता, तरी नाही. अकरावा मी.

भाची तेव्हा लहान होती. शाळा सुटली की बारच्या मागच्या खोलीत रिकाम्या खोक्यावर बसून गृहपाठ करायची, आणि तिलाही तोच चहा, तसल्याच ग्लासातून. एकदा तिच्या वर्गाच्या बाईंनी ते खिडकीतून पाहिलं आणि शाळेत तीन दिवस नुसता गोंधळ चालला होता.

आता जावयांचं सांगतो. माणूस चांगला, कामाला वाघ. पण आधीच्या गोदामातली नोकरी दारूपायी गेली. भाची बॅग भरून बापाच्या घरी आली होती. ती बॅग आठवडाभर पलंगाखाली तशीच पडून होती, तिनं उघडलीही नाही. परत गेली ती नवऱ्याला एवढंच सांगून की पुन्हा हातात ग्लास दिसला तर मी भांडणार नाही, रडणार नाही, निघेन. त्याला चौदा महिने झाले होते. चौदा महिन्यांत जावयांनी थेंब घेतला नव्हता.

नव्या ठिकाणी, टायरच्या गोदामात, यातलं कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेबांना तर मुळीच नाही. साहेबांचं एक तत्त्व होतं आणि ते चारचौघांत ऐकवायची त्यांना हौस होती: जो आपल्याबरोबर पीत नाही तो काहीतरी लपवतो. याच तत्त्वावर त्यांनी आदल्या वर्षी एका चांगल्या माणसाची बढती दाबली होती. आता जावयांना पाळीप्रमुख करायचं घाटत होतं. पत्र सोमवारी निघणार होतं, आणि त्याआधी शनिवारी दुपारी घरच्यांसकट जेवण. जागा साहेबांनीच निवडली. असल्या माणसाला दुसरी कुठली जागा सुचणार?

जागा म्हणजे काय, एका भिंतीत ओळीनं चाळीस नळ. नळाला मनगटावरचा पट्टा दाखवायचा की नळ सुटतो, आणि किती मिलिलिटर गेलं ते मोजतो. इथवरही मी सोसलं असतं. पण समोरच्या भिंतीवर दरवाजाएवढा पडदा होता आणि त्यावर प्रत्येक टेबलावर कोण किती प्यायलं ते टोपणनावासकट सर्वांना दिसत होतं. पुढे असेल त्याला घोडा, मागे असेल त्याला गोगलगाय. भावोजींनी तो पडदा वाचला आणि टोपीची कड चिमटीत धरून फिरवत बसले. अकरा माणसांचं गुपित ज्यानं तीन मालकांपासून लपवलं, त्याच्या डोळ्यांसमोर ती भिंत चव्हाट्यावर बोंब मारत होती.

टेबलही शहाणंच होतं. टेबलाचाच स्क्रीन. मी नेहमीच्या सवयीनं कोपर टेकवलं, तर टेबल म्हणालं, "छान निवड! महाकाय बर्गर, तीन!" भाचीनं आधी चार मागवले होते, ते सात झाले. रद्द करायला गेलो तर त्यानं कारण विचारलं आणि पाच पर्याय दिले. "कोपर" हा त्यांत नव्हता.

"असू दे मामा," भाची म्हणाली. "मी घेऊन येते." बर्गर काचेच्या कपाटात येत होते, एकेका कप्प्यात एकेक, आणि ते आपणच जाऊन काढायचे. कप्प्याला आकडा सांगा, तो उघडेल, मग त्याला किती तारे देणार ते सांगा, मग पुढचा कप्पा. त्यापुढे माणसांची रांग लागली होती. भाची रांगेत जाऊन उभी राहिली.

ती गेली आणि पडद्यावर पिपाणी वाजली. "टेबल नऊ! साहेब ६५०! जावई ०! जावई झोपले का?" खाली एक गोगलगाय डोळे फिरवत होती. शेजारच्या टेबलावरच्यांनी दात काढले.

"काय हो?" साहेब म्हणाले. "तुमच्यासाठी आलोय आम्ही."

"पोटाचं औषध चालू आहे साहेब," जावई म्हणाले. हे घरूनच ठरवून आलं होतं.

साहेबांनी ग्लास खाली ठेवला. "आधीच्या ठिकाणीही औषधच चालू होतं का? तिथला एकजण माझ्या ओळखीचा आहे. त्याला एकदा विचारायचं राहूनच गेलंय बघा." हे ते हसत हसत म्हणाले.

जावई उठले. "आणतो साहेब," म्हणाले. त्या आवाजातला माणूस मला ओळखू येतो, मी स्वतः पुष्कळदा त्याच आवाजात बोललो आहे.

भावोजीही उठले. जाताना माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "साहेबांना बोलण्यात गुंतव. तुला जमतं."

भिंतीशी काय झालं ते जावयांनी मला मागाहून सांगितलं. ते नळासमोर उभे होते. म्हणाले, "बाबा, एकच घेतो. नुसता दाखवायला."

"नेहमीचं घ्या," भावोजी म्हणाले. "पट्टा द्या इकडे."

त्यांनी पट्ट्यांची अदलाबदल केली. मग जावयांचा पट्टा नळाला दाखवला आणि नळ सोडला. ग्लासात नव्हे, खालच्या जाळीत. नळ जाम जोरात सुटत होता, बियर जाळीवर आदळून उडत होती आणि भावोजी पाठीनं ते सगळं झाकून उभे होते. कोपऱ्यात पोरांसाठी गार चहाचा आणि सोड्याचा नळ होता. त्याला पट्टा लागत नव्हता आणि तो कुणाचं मोजत नव्हता. त्या सगळ्या इमारतीत अक्कल असलेली तेवढी एकच वस्तू. तिथं भावोजींनी ग्लास तिरका धरला, सोडा उंचावरून सोडला, आणि फेस अगदी कडेपर्यंत आणून थांबवला.

इकडे मी साहेबांना टपाल छाटण्यातल्या गमती सांगत होतो. अठ्ठावीस वर्षं मी पोस्टात टपाल छाटलं आहे, म्हणजे गावागावाची पत्रं वेगळी केली आहेत. वाचता न येणारा पत्ता कसा ओळखायचा यावर मी तासभर बोलू शकतो आणि कुणाला ते ऐकावंसं वाटत नाही. साहेब पडद्याकडेच बघत होते. जावई ६००.

"अरे वा!" साहेब म्हणाले.

सासरे-जावई तीनदा जोडीनं उठले. तीनदा मी पत्रांवरच्या पत्त्यांचं पुराण लावलं. जावई १२००. जावई १८००. साहेबांचा चेहरा खुलत गेला. त्यांनी जावयांच्या पाठीवर थाप मारली आणि सोमवारच्या पत्राबद्दल स्वतःहून बोलू लागले. गड्यानं अठराशे मिलिलिटर रिचवले तर गोदाम सांभाळेल, असा त्यांचा हिशोब. असल्या डोक्यांच्या हाती टायर आहेत, म्हणून मी पायी फिरतो.

आणि मग पडद्यावर नगारे वाजले. आम्हाला कुणाला हे सुचलं नव्हतं. भावोजींनाही नाही. त्यांच्या बारमध्ये भिंती बोलत नव्हत्या. सगळ्या हॉलमधले दिवे मंद झाले, पडद्यावर मुकुट उतरला आणि त्याखाली हातभर अक्षरं: "दुपारचा महारथी, टेबल नऊ, जावई!"

भाची सात बर्गरांचा ट्रे घेऊन त्याच पडद्याखाली उभी होती.

तिनं वर पाहिलं. मग आमच्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या हातात भरलेला ग्लास, वर फेस, शेजारी साहेब टाळ्या वाजवताहेत. ती चालत आली, ट्रे ठेवला, खुर्चीच्या पाठीला अडकवलेली पर्स काढून खांद्याला लावली. जावई अर्धे उठले, तोंड उघडलं आणि साहेबांकडे बघून मिटलं. खरं बोलावं तर नोकरी जाते, न बोलावं तर बायको. मी बोलायला हवं होतं. अठ्ठावीस वर्षांचं टपाल बडबडलो आणि नेमक्या वेळी माझी दातखीळ बसली.

वळता वळता भाचीची नजर बापाकडे गेली. भावोजी तिच्याकडे बघत नव्हते, टेबलावर पडलेले पाण्याचे थेंब टोपीनं पुसत होते. त्यांची उजवी बाही कोपरापर्यंत ओलीचिंब होती आणि तिला बियरचा भपका येत होता.

भाची थांबली. तिनं नवऱ्याच्या हातातून ग्लास काढून घेतला आणि तोंडाला लावला. एक घोट घेतला. मग ग्लास खाली न ठेवता सगळाच्या सगळा गटागटा संपवला, लहानपणी गृहपाठ झाला की संपवायची तसा. पेपर नॅपकिननं तो स्वच्छ पुसला आणि नवऱ्यासमोर उपडा ठेवला.

"बस्स झालं तुमचं," ती म्हणाली.

साहेब खो खो हसले. "वहिनींनी दुकान बंद केलं! आता आमची काय बिशाद!" आणि त्यांनी आपलाही ग्लास बाजूला सारला. चौतीस वर्षांत मी पाहिलेल्या ड्रायव्हर-हवालदारांसारखाच तोही गडी मुकाट झाला. जावयांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. साहेबांना वाटलं, चढली.

पडद्याचं अजून संपलं नव्हतं. रडकी पिपाणी वाजली आणि दोन गोगलगाई आल्या. "सर्वात मागे, टेबल नऊ! बाबा ०, मामा ०! नवशिक्यांनो, धीर धरा, पुढच्या वेळी जमेल!" अख्खा हॉल आमच्याकडे बघून हसला. साहेबांनी भावोजींच्या गुडघ्यावर हात ठेवून समजूत घातली, "काका, या वयात नाहीच झेपत. वाईट वाटून घेऊ नका."

"नाही हो," भावोजी म्हणाले.

भाची त्यांच्याशेजारी बसली. तिनं पर्स खुर्चीला परत अडकवली. मग बापाचा हात मांडीवर ओढून घेतला आणि ती ओली बाही एकेक घडी घालत वर दुमडायला लागली. तिचे डोळे भरले होते, ते तिनं पुसले नाहीत.

"केवढी भिजवलीत बाबा," ती म्हणाली.

"नळाला जोर फार आहे गं," भावोजी म्हणाले.