कुत्रा मेल्यावरही पडणारे खड्डे

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेच आता विसरले आहे. भिलाईतल्या एका परसातला खड्डा मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

मी मूळची नागपूरची. राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर आमच्या राज्यातून गेलं, मी मध्य प्रदेशच्या सेवेत राहिले आणि हेड कॉन्स्टेबल म्हणून दुर्ग जिल्ह्यात आले. महिला पोलीस मोजक्याच होत्या. कुठल्याही ठाण्यात बाईमाणसाचा जबाब घ्यायचा असला की मला बोलावणं यायचं. माणसं मराठी असली तर हमखास.

पोलाद कारखाना उभा राहत होता; तेव्हाची भिलाई म्हणजे अर्धं शहर आणि अर्धं खोदकाम. सेक्टरांमध्ये क्वार्टरांच्या रांगा उभ्या राहत होत्या आणि भिंतीवर नंबर रंगवायच्या आधीच माणसं राहायला येत होती. सगळे क्वार्टर एका साच्यातले. शिफ्टवरून आलेला नवरा भलत्याच दाराची कडी वाजवायचा आणि त्यावरून रांगभर हसणं चालायचं. मागच्या परसांना सुरुवातीला कुंपणही नव्हतं. तारा नंतर आल्या.

अशाच एका रांगेत वर्ध्याकडचा एक क्लार्क राहत होता. शेजारी भंडाऱ्याकडचा एक खलाशी, म्हणजे कारखान्यात अवजड सामान हलवणारा कामगार, त्याची बायको, काही महिन्यांचं मूल आणि गावाहून आणलेला पट्टेरी कुत्रा. क्लार्कनं परसात वांगी, मिरच्या, मेथी लावली होती. कुत्रा तारेखालून शिरायचा आणि उकरायचा. क्लार्कनं आधी नीट सांगितलं, मग भांडला. शेवटी एक दिवस सार्वजनिक नळावर सगळ्यांदेखत म्हणाला की पुन्हा आला तर भातातून औषधच घालतो. थोड्याच दिवसांत कुत्रा खलाशाच्या दारात तोंडाला फेस येऊन मेला. खलाशी त्याला सायकलच्या कॅरिअरला बांधून ठाण्यात घेऊन आला.

ठाणेदारांच्या लेखी प्रकरण सरळ होतं. धमकी दिलेली, ऐकणारे साक्षीदार हजर, आणि क्लार्कच्या घरात उंदराच्या औषधाची फोडलेली पुडी. अटक करायची आणि मोकळं व्हायचं. क्लार्क नोकरीत अजून पक्का झाला नव्हता. अटक झाली असती तर नोकरी गेलीच असती, आणि नोकरीबरोबर क्वार्टरही. पंचनाम्यासाठी आणि घरातल्या बाईच्या जबाबासाठी मला पाठवलं.

क्लार्कची चौकशी मीही केली. औषध कशाला आणलं, पुडी कोणी फोडली, त्या दिवशी कुठे होतास, पुन्हा पुन्हा विचारलं. उंदरांसाठी आणलं, उंदरांनाच घातलं, हे उत्तर बदललं नाही. शेवटी वैतागून म्हणाला, "बाई, ज्याले खरंच मारायचं असते थो नळावर सांगत फिरत नाई." बोलणं पटण्यासारखं होतं. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे.

मी निघाले तशी त्याची बायको मागोमाग बाहेर आली. आधी आत नवऱ्याकडे पाहिलं, मग हळूच बोलली.

"कुत्रा मेला बाई, पण खड्डे पडूनच राहिले. रोज. त्याच जागी."

नवरा वेडी म्हणेल म्हणून तिनं त्याला सांगितलं नव्हतं. तो कामावरून यायच्या आत ती रोज माती लोटून जागा सारखी करत होती. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर खड्डा पुन्हा तयार. मेलेल्या कुत्र्याची हाव गेली नाही, अशी तिची खात्री झाली होती.

तिनं मला जागा दाखवली. न्हाणीच्या मागे, पपईच्या झाडाजवळ. तेव्हाच ध्यानात आलं की इतक्या भाजीत कुत्र्यानं नेहमी एवढीच जागा उकरली होती. मी वाकून पाहिलं. कुत्रा उकरतो तेव्हा माती मागे फेकतो. इथे ती दोन्ही बाजूंना सारलेली होती. ओलसर मातीत ओरखडे होते, चार-चार, शेजारी शेजारी. पावलाचा ठसा एकही नव्हता. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी अंगावर काटा आला हे लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी साध्या लुगड्यात जाऊन क्लार्कच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसले. मे महिना होता. पुरुष कामावर, बाया-पोरं दारं लावून घरात. गरम वाऱ्याची लू सुटली होती. लांब कारखान्याकडे जमिनीत खांब ठोकल्याचा धप्प धप्प आवाज येत होता, बाकी काही नाही.

आधी तारेखालून एक गाठोडं आत सरकलं. मागोमाग एक बाई, हातापायांवर रांगत. केस सुटलेले, पदर खोचलेला. तिनं गाठोडं पपईच्या सावलीत ठेवलं. त्यात मूल होतं. ते रडलं नाही, हातही हलवला नाही. ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी माती उकरू लागली. क्लार्कचं खुरपं तिथेच पडलं होतं, ते तिनं लांब सारलं. ओठ सारखे पुटपुटत होते. क्लार्कच्या बायकोनं माझं मनगट गच्च धरलं. उकरणारी खलाशाची बायको होती.

मी बाहेर गेले. ती दचकली नाही, थांबलीही नाही.

"थांबा बाई, थोडंच राहिलं."

मी तिला ठाण्यात नेलं नाही. तिथेच मातीत तिच्या शेजारी बसले आणि विचारत गेले. बाळंतपण क्वार्टरमध्येच झालं होतं. सासू गावाहून नुकती आलेली. तिनं चालीप्रमाणे नाळेसकट मुलाची वार घरामागे पुरली आणि वर दगड ठेवला. कुंपण नव्हतं, सगळी परसं सारखी, शेजारचं घर रिकामं. पुढे तारा आल्या तेव्हा कळलं की जागा शेजाऱ्याच्या हद्दीत गेली. आधीची दोन मुलं गेली होती. हे तिसरंही काही दिवसांपासून दूध पीत नव्हतं, जुलाब थांबत नव्हते. आणि कुत्रा नेमका तिथेच उकरायचा. वार कुत्र्याच्या तोंडी लागली तर मूल हाती लागत नाही, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. त्यात क्लार्क आता त्या जागी पाण्याची टाकी बांधणार होता. त्याआधी वार काढून स्वतःच्या परसात पुरायची होती. वारेला लोखंड लावायचं नाही, म्हणून हातानं; आणि शेजारीण रोज माती परत लोटायची, म्हणून रोज पहिल्यापासून.

शेजाऱ्यांना सरळ का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं.

"करणी केली म्हणाले असते. त्याहिच्या घरात गाडलं ना आमी."

"आणि कुत्रा?"

"मीच मारला. माझ्या हातची भाकर खाये थो." ती पहिल्यांदा माझ्याकडे पाहून बोलली. "दोघातलं एकच राहणार होतं, बाई."

मी मुलाला हात लावला. पोटाची कातडी चिमटीत धरली, ती तशीच उभी राहिली. डोळे खोल गेले होते. त्याला त्या क्षणी दवाखान्यात न्यायला हवं होतं. मी तसं सांगितलं. ती उठेना. हे काम अर्धं टाकून गेलं तर दवाखान्यातून मूल परत येणार नाही, हे तिचं ठरलेलं होतं. ओढून नेता आलं असतं, पण तिनं मूल असं कवटाळलं होतं की ओढाताणीत तेच दगावलं असतं.

तेव्हा मी बाह्या सारल्या आणि हातानं उकरायला लागले. क्लार्कची बायको जरा वेळ उभी राहिली, मग तीही बसली. तिघींनी उकरलं. लवकरच दगड लागला. तो कलता झाला होता. उचलला. खाली काहीच नव्हतं, नुसती मऊ काळी माती.

ती एकदम गार पडली. "नेलं," एवढंच म्हणाली.

क्लार्कच्या बायकोनं तिचा मातीचा हात धरला.

"काय नेलं? माझ्या पोराची वार वर्ध्याले गाडली, त्यावर सासऱ्यानं न्हाणी बांधली. अख्खं घर त्यावर अंघोळ करते. आता मॅट्रिकले आहे, शाळा बुडवून सिनेमे पाहून राहिला. माती खाते ते, पोरी. एका पावसात खाते. चाल, ऊठ."

खलाशाच्या बायकोनं त्या खळग्यातली मूठभर माती घेतली, पदराच्या टोकाला बांधली आणि उठली. मी ठाण्याची जीप मागवली. दवाखान्यात मुलाला सलाईन लावलं. दोघी बाया पलंगाच्या दोन बाजूंना बसल्या होत्या. संध्याकाळी मूल रडलं. त्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

खलाशाच्या बायकोनं नवऱ्याला स्वतः सांगितलं. तो माझ्यासमोर येऊन तक्रार मागे घेतो म्हणाला. ठाणेदार कुरकुरले, पण कुत्रा खलाशाच्याच घरचा होता. क्लार्कची नोकरी वाचली. टाकी त्यानं परसाच्या दुसऱ्या कोपऱ्यात बांधली. तो दगड कुत्र्यानं कलता केला की तिच्या हातानं झाला, हे मला आजही सांगता येणार नाही.

शेजाऱ्यांच्या भांडणात पोलीस आधी राग कुणाला होता ते शोधतात. मीही तेच करत आले होते. राग लोक नळावर उभे राहून सांगतात. भीती सांगत नाहीत, आणि हातून भलतं घडतं ते बहुतेक वेळा भीतीपोटी. अजूनही कुणी शेजाऱ्याच्या जनावरानं बाग उकरली म्हणून माझ्याकडे तक्रार घेऊन आलं, तर जनावर कुणाचं हे मी नंतर विचारते. आधी विचारते, ते नेमकं कुठे उकरतं.