गवत मारायचं काम

आमच्याकडे परक्याने कामधंदा विचारला की पुरुषमाणूस ‘शेती’ म्हणून मोकळा होतो. मग ती एका खाचराची का असेना. वडिलांचीही महाडकडच्या नाते गावाजवळ भाताची थोडी जमीन होती. पण लावणी-कापणीचे दिवस सोडले तर ते मुंबईच्या एका मालकाच्या आंब्याच्या बागेत मजुरीला जायचे, आणि तिथे त्यांचं मुख्य काम गवत मारायचं. विळ्याने नव्हे, औषधाने. पाठीवरचा पंप झाकणापाशी गळायचा, त्यामुळे संध्याकाळी घरी येताना सदरा पाठीला चिकटलेला असे. हातमोजे आम्ही फक्त दवाखान्यात पाहिले होते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या मानेला गाठ आली. महाडच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं आणि तिथे कॅन्सर निघाला. बागेतलं काम हातचं जाऊ नये म्हणून पंप धाकट्या काकांनी उचलला. आईने त्यांना नको म्हणून सांगून पाहिलं.

“वहिनी, दादा तंबाखू खातो, त्याचं हाय ते. मी सुपारीचं खांडसुद्धा खात नाय,” काका म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी.

पुढच्या फेरीला आई, वडील, मी आणि मुंबईची माहिती असलेले हेच काका असे चौघं गेलो. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई नवीन होत्या. त्यांनी वडिलांना विचारलं, “काम काय करता?”

“शेती,” वडील म्हणाले.

तोवर दवाखान्यात एक शब्द न बोललेली आई मागून म्हणाली, “शेती पावसापुरती. एरवी बागेत गवताचं औषध मारतात. किती वर्सं झाली.”

वडिलांनी डोळे वटारले. मानेवर एवढी गाठ, आणि माणसाला चिंता कसली, तर चारचौघांत मजूर ठरल्याची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

कुठलं औषध, असं बाईंनी विचारलं. दोघे भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. “पांढऱ्या कॅनमधलं,” काका म्हणाले. बाई म्हणाल्या, एका माणसाला अमुकमुळेच झालं असं सांगता येत नाही. तंबाखू वाईटच, पण या प्रकारच्या गाठीचं खापर तिच्यावर फारसं फोडता येणार नाही. वर्षानुवर्षं अशी औषधं फवारणाऱ्यांत मात्र हा आजार थोडा जास्त आढळतो, असं काही जाणकार म्हणतात. अर्थात उपचार तोच राहील.

“उपचार तोच असू दे,” आई म्हणाली. “पण हे एकदा आमच्या भावजींकडं बघून सांगा. पंप आता त्यांच्या पाठीवर हाय.”

बाईंनी खुर्ची वळवली आणि सगळं पुन्हा सांगितलं. काका पंख्याकडे बघत “हो मॅडम” म्हणत राहिले.

महाड येईपर्यंत वडील आईशी बोलले नाहीत. पण त्याच आठवड्यात मानेला पंचा गुंडाळून ते बागेच्या राखणदाराकडे गेले आणि ‘माझा भाऊ उद्यापासनं येणार नाय’ असं सांगून आले. काकांना विचारलंसुद्धा नाही. काका भडकले, आणि दोघांचं बोलणं तुटलं. पुढच्या वर्षी वडील गेले तेव्हाही ते पुरतं मिटलं नव्हतं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

बागेत कुडपण गावाकडचा एक माणूस लागला. त्याला कुणी काही सांगितलं की नाही, ठाऊक नाही.

काका महाडच्या बाजारात हमालीला लागले. ते अजून धडधाकट आहेत. पंप वाहत राहिले असते तरी कदाचित धडधाकटच राहिले असते. सगळ्यांनाच होतं असं नाही. दर सणाला ते आमच्याकडे जेवायला येतात आणि वहिनीने आपलं चांगलं काम कसं घालवलं, ते पानावर बसून ऐकवतात. एकदा मला राहवलं नाही. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर आईने त्यांच्या पानात भात वाढत मला थांबवलं.

“बोलू दे गो,” ती म्हणाली. “बोलायला हायत ना.”