आमच्या गल्लीच्या चाव्या

आमच्या तालुक्यात मामांएवढी घरं कुणाच्याच ताब्यात नाहीत. पुढाऱ्यांचे बंगले आहेत, बागायतदारांच्या माड्या आहेत, पण दिवाळीनंतर अख्ख्या गल्लीच्या चाव्या कमरेला लावून फिरणारा माणूस एकच. स्वतः मामा समाजमंदिराच्या ओट्यावर झोपतात, तो भाग वेगळा. ते कुणाचे मामा, हे कुणाला माहीत नाही. कुणी म्हणतं तलवाड्याचे, कुणी म्हणतं युसूफ वडगावचे, आणि त्यांनाच विचारलं तर म्हणतात, "इथलाच हाय की बे." मामा म्हणण्यात मात्र गल्लीने शहाणपणा दाखवला. काका म्हटलं की जमिनीत हिस्सा आला. मामाचं तसं नाही, त्याच्याकडून फक्त घ्यायचं असतं. आम्हीही घेत आलो.

चाव्यांचा कारभार त्यांच्याकडे कसा गेला, ते सांगायला हवं. आमची गल्ली गावाच्या टोकाला, पत्र्याच्या घरांची. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते आणि निम्मी गल्ली ऊसतोडीला जाते. चावी सोबत न्यावी तर ती फडात हरवते. गल्लीतल्या काशीबाईची तर एकदा पाचटाबरोबर जळून गेली होती. शेजाऱ्याकडे ठेवावी तर शेजारीही त्याच गाडीत बसलेला. मागे उरतात म्हातारी माणसं, त्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही. मग काशीबाईनेच एका वर्षी विचार केला, की ह्या गावात कुठेच न जाणारा माणूस कोण? तिने चावी मामांच्या हातात दिली. पुढच्या हंगामात सगळ्यांनीच दिल्या. मी गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी चालवतो, बारा महिने इथेच असतो, पण मला कुणी विचारलं नाही. माझ्याकडे स्वतःचं घर आहे, त्यामुळे माझा भरवसा धरवत नसावा.

मामा ही नोकरी फार कडक करतात. रोज दिवेलागणीला प्रत्येक बंद दारासमोर उभे राहून कडी वाजवतात आणि विचारतात, "हाय का कुणी घरात?" कान लावून थांबतात. आतून काही आवाज येत नाही, यायचं कारणही नसतं. मग समाधानाने मान हलवून म्हणतात, "न्हाई कुणी. बरं हाय." आणि पुढच्या दाराकडे वळतात. अवकाळीत एकदा मामा काशीबाईच्या वळचणीला चिंब भिजत उभे होते. मी ओरडलो, "अहो, चावी हाय ना कमरंला? उघडा अन् बसा आत!" मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच दरोडा घालायला निघालोय. "मालक न्हाई अन् घरात शिरू?" म्हणाले. "लई शिकलेला दिसतो तू." मी दहावी नापास आहे, तरी मला ते लागलं.

मामांच्या कानात एक साहेब राहतात. कोणत्या खात्याचे ते कळलेलं नाही, पण हुकूम सोडतात. बऱ्या दिवसांत हुकूम साधे असतात, नळाला पाणी आलं, सांगून ये वगैरे. पाणी आलेलं नसतं, पण आमच्या नळाच्या बाबतीत नगरपालिकेचाही अंदाज चुकतो. वाईट दिवसांत साहेब सांगतात, जेवू नको, भाकरीत काहीतरी कालवलंय. मग मामा दिवसच्या दिवस उपाशी राहतात आणि डोकं ओट्याच्या खांबावर आपटून घेतात. ते बघवत नाही. लिंबू झालं, अंगारा झाला, ताईत झाला. साहेब कुणालाच बधले नाहीत.

शेवटी केळीचा गाडा लावणारी शकीलाआपा आणि मी त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. तिथे महिन्यातून एका मंगळवारी बाहेरून डोक्याचे डॉक्टर येत. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "नातेवाईक कोण?" मी म्हणालो, भाचा. त्याच वेळी शकीलाआपा म्हणाली, बहीण. कारकुनाने आमची आधार कार्डं पाहिली, मग आमची तोंडं पाहिली. "म्हणजे ह्या तुमच्या आई?" शकीलाआपा माझ्याहून लहान आहे. ती डोळ्याची पापणीही न हलवता म्हणाली, "सावत्र." कारकुनाने चिठ्ठी फाडून हातात दिली. शासनाचं काम कागदावर अडत नाही, असं म्हणतात ते काही खोटं नाही.

गोळ्या लागू पडल्या. मामा रात्रभर झोपू लागले, अंगावर मांस आलं, शकीलाआपाकडून केळं मागून खाऊ लागले. "साहेब रजेवर गेलं," असं मात्र जरा काळजीने सांगत. तेवढ्यात डॉक्टरांची बदली झाली आणि त्यांच्या जागी कुणीच आलं नाही. त्या मंगळवारी मामांनी पाटी असलेलं बंद दार बघितलं, सवयीने कडी वाजवली. "हाय का कुणी?" थांबले. "न्हाई कुणी. बरं हाय." आणि घरी, म्हणजे ओट्यावर, निघाले. औषधाच्या दुकानात जुन्या चिठ्ठीवर गोळ्या मिळेनात. मी बीडला जाऊन आलो, तर तिथे म्हणाले पेशंटला आणा. पेशंट एसटीत पाय ठेवेना. "गल्ली कुणाच्या भरवशावर सोडू?" हंगाम चालू होता, कमरेला चाव्या होत्या. त्यांचं बरोबरच होतं.

गोळ्या संपल्या आणि साहेब कामावर रुजू झाले. ह्या खेपेचा हुकूम नवा होता. मामा गिरणीत येऊन म्हणाले, "लोकं उसात अडकलीत. त्यास्नी घरला येता येईना." मी विचारलं, कावून? "चाव्या माझ्याकडं हायेत ना!" ह्यात चूक काढायला मला जागा सापडेना. मी दळण टाकत होतो, हसलो. दुसऱ्या दिवशी ओटा रिकामा होता. मामा चाव्या पोचवायला साखर कारखान्याकडे पायी निघाले होते.

आम्ही फार शोधलं. पोलिसांना सांगितलं. त्यांनी फोटो मागितला, आणि मामांचा फोटो कुणीच कधी काढला नव्हता. तशात पाडव्याच्या आधी पहिली गाडी आली, आणि काशीबाई भांडीकुंडी, लेकरं, शेळी घेऊन आपल्याच दारात उभी राहिली. दाराला कुलूप. तिच्या दिराने हातोडी आणली. काशीबाई दारासमोर आडवी आली. "हात लावू नको. कुलूप तोडलं तर गावात काय हुईल? मामा चाव्या घेऊन पळाला म्हणत्याल." मग सगळी गल्ली आपापल्या दारासमोर बसली. तीन दगडांची चूल मांडून भाकऱ्या बाहेरच झाल्या. घर असून उंबऱ्याबाहेर बसायचं कसं असतं, ते गल्लीला त्या दिवसांत कळलं. मामा जिवंत आहेत का, हे मात्र कुणी तोंडाने विचारत नव्हतं.

मामा दुसऱ्या ऊसतोड टोळीच्या गाडीतून आले, भर दुपारी. आष्टीच्या पुढे रस्त्याकडेला बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला "ऊस कुठं हाय?" असं विचारत होते. आष्टीच्या कोरड्याठाक माळावर ऊस विचारणाऱ्याला कोण गाडीत घेणार? पण टोळीतल्या एकाने कमरेच्या चाव्या ओळखल्या. मामांचे पाय सुजून फाटले होते, गालफडं बसली होती. खाली उतरून त्यांनी लोकांकडे बघितलं आणि रागावून म्हणाले, "कवा आलात? मी तुमच्याकडंच गेलतो की!" मग लंगडत एकेक दार उघडून दिलं. उघडण्याआधी प्रत्येक कडी वाजवली, विचारलं, थांबले. काशीबाई पदर तोंडाला लावून रडत होती.

त्या संध्याकाळी चाव्या नव्हत्या, तरी मामा फेरीला निघाले. काशीबाईच्या दारावर थाप मारली. "हाय का कुणी घरात?" आतून काशीबाई ओरडली, "हाय, मामा! समदे हाय!" मामा दचकून मागे सरले. एवढ्या वर्षांत कुठलंच दार बोललं नव्हतं. मग हळूच हसले आणि पुढच्या दाराकडे गेले. तिथूनही "हाय" आलं. त्या दिवशी त्यांची फेरी संपता संपेना.

पुढच्या मंगळवारी आम्ही त्यांना पुन्हा दवाखान्यात नेलं. नवे डॉक्टर येतील असं कुणीतरी म्हणालं होतं. काशीबाई आली, तिचा दीर आला, शकीलाआपा गाडा बंद ठेवून आली. नातेवाईक इतके होते की कारकुनाने कुणाला काही विचारलंच नाही. पाटी होती, दार बंद होतं. मामांनी कडी वाजवली. "हाय का कुणी?"

ह्या वेळी ते 'न्हाई कुणी' म्हणाले नाहीत. दाराला कान लावून तसेच उभे राहिले. आम्हीही त्यांच्या मागे उभे राहिलो.