कागदावरचं कारण

श्वासासाठी लोक हुंगत त्या कापूर-ओव्याच्या पुरचुंडीचा वास आला की बोईसरचं ते तात्पुरतं कोरोना केंद्र आठवतं. प्राणवायूची गाडी मनोरपर्यंत आली आहे, असं तिथले लोक सकाळपासून सांगत होते. आत दाखल असलेले वडील दुपारी गेले. बाहेर उन्हात, कारकुनाच्या खिडकीपाशी उभ्या आईला मी त्याने दिलेला कागद वाचून दाखवला. मृत्यूचं कारण होतं, हृदयक्रिया बंद पडणे. आईचं सगळं आयुष्य तारापूरच्या किनाऱ्यावर मासळी सुकवण्यात गेलेलं. ती कारकुनाला म्हणाली, "भाऊ, बुडालेली माणसा मी बगितलीत. त्यांचे ओठ असेच निळे होतात. यांना हवा नाय मिलाली, तसा लिव." तो मान वर न करता म्हणाला, "मावशी, वरून आलंय तेच लिहितो. सही झाली की स्मशानात न्यायला सोडतो." आईने माझ्याकडे पाहिलं, कारण घरात शिकलेला मी एकटाच. मी सही केली. काही महिन्यांनी टीव्हीवर सरकारचं उत्तर ऐकलं, प्राणवायूअभावी कुणी गेल्याची नोंद नाही. आईने टीव्ही बंद केला. तेव्हापासून सरकारने सांगितलेल्या कुठल्याच आकड्यावर माझा विश्वास बसत नाही. त्यातल्या एका नोंदीखाली माझी सही आहे.