धावपट्टीची पूर्वेकडची कड

नागनाथांनी मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी गाडी चालवायला शिकवली. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे केलं ते कुणा परक्याशी केलं असा कुणाचा समज व्हायला नको.

बंगळुरात हेब्बाळच्या बरंच पुढे, आमच्या सोसायटीला लागून काँक्रीटचा एक लांबलचक पट्टा पडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानं उतरायला बांधलेला. दीड-दोन वर्षं उतरली असतील, मग युद्ध संपलं आणि सगळे चालते झाले. पट्टीचं एक टोक आता गोदामांखाली आहे, दुसरं आमच्या तीन टॉवरांखाली. मधला हजारेक फुटांचा तुकडा उरलाय. सुगीत त्यावर नाचणी वाळते, लग्नसराईत शेजारच्या कार्यालयातल्या पाहुण्यांच्या गाड्या लागतात, आणि रोज सकाळी सहा ते दहा नवशिके ड्रायव्हर तिथे धडपडतात. विमानं लपवायला घातलेला मातीचा एक अर्धगोल बांध शिल्लक आहे, त्याच्या कुशीत बॅडमिंटन चालतं.

नागनाथ तिथले गुरुजी. मूळचे चामराजपेटचे, मराठी घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड. आधी रिक्षा चालवली, मग जुनी मारुती घेतली, तिला शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक बसवून घेतला आणि तीस वर्षं त्याच पट्टीवर माणसं शिकवली. माझे यजमान गेल्यावर गाडी तशीच उभी होती. मी सरळ खाली उतरून विचारलं, "मला शिकवाल का?"

"तुमची मुलं काय म्हणतात अक्का?"

"त्यांना विचारलेलं नाही."

"सरी. मग बसा."

शिकवताना ते कुणाचीही भीडभाड ठेवत नसत. "अक्का, क्लच आहे तो, वाळवणावरचा कावळा नाही हाकलायचा. स्वल्प हळू." मी विमान कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात चौतीस वर्षं काढलेली, शेवटी सेक्शनची प्रमुख, मला असं कुणी बोललं नव्हतं. मजा यायची.

तिसऱ्या दिवशी पट्टीच्या पूर्वेकडच्या कडेने जाताना मी समोरच्या कुत्र्यासाठी हॉर्न वाजवला. त्यांनी माझा हात धरून बाजूला केला. "इथं हॉर्न नको. इथं बाळ झोपलंय."

मी हसले. मला वाटलं, विनोद आहे.

विनोद नव्हता. पट्टी बांधायचं काम चाललं तेव्हा त्यांचे वडील बैलगाडीने खडी वाहायचे, आई जमनाबाई खडी फोडायची. कामगारांच्या झोपड्या पट्टीलगत होत्या. तिथे त्यांची पहिली मुलगी, भाग्यलक्ष्मी, आठ महिन्यांची असताना तापाने गेली. एवढ्या लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात. झोपडीमागेच पुरली. काम संपल्यावर सगळे चामराजपेटला परतले, पण जमनाबाई दर वर्षी दिवाळीच्या अमावास्येला यायची. दिवा, वाटीभर दूध आणि काचेच्या दोन हिरव्या बांगड्या मातीत ठेवायची. बांगड्यांचं माप दर वर्षी थोडं मोठं. मुलगी वाढली असती त्या हिशोबाने. नागनाथ पुढे दहा वर्षांनी जन्मले, पण आईच्या बोटाला धरून येत राहिले. ती गेल्यावर एकटे येऊ लागले.

आता माझी गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी आमच्या असोसिएशनने सांडपाणी शुद्ध करायची नवी टाकी बांधायची ठरवली. पट्टीच्या दोन्ही कडांना सोसायटीची थोडी थोडी जमीन आहे. पूर्वेकडे सांडपाण्याचा मोठा नळ जवळ, म्हणून पूर्व. नागनाथ असोसिएशनच्या ऑफिसात गेले आणि टाकी पश्चिमेला करा म्हणून हात जोडून आले. सेक्रेटरी अनुषा चांगली मुलगी आहे, पण घाईतली. तिने मला फोन केला. "प्रेमा मॅडम, तुम्ही ड्रॉइंगवाल्या. खरं काय ते एकदा बघून सांगाल? मीटिंगमध्ये लोक विचारणार."

माझ्याकडे त्या धावपट्टीचं जुनं आरेखन होतं. ऑफिसातल्या रद्दीतून मी ते कधीतरी वाचवलं होतं: मळकट छापील प्रत, नावाचा कोपरा फाटलेला. पट्टी उभी, वर उत्तरेचा बाण, आणि झोपड्यांची ओळ, प्रत्येक चौकोनात इंग्रजी एच, 'हट'चा. ओळ पश्चिमेला होती. स्वच्छ पश्चिमेला.

सर्वसाधारण सभेत मी उभी राहिले. सत्तर-ऐंशी माणसं, मागे गार्ड, माळी, झाडलोटीच्या बायका आणि दाराशी नागनाथ. मी कागद उंच धरून इंग्रजीत सांगितलं की झोपड्या पश्चिमेला होत्या, तेव्हा बाळ पूर्वेला असणं शक्य नाही. कुणीतरी म्हणालं, "पण त्यांची आई दर वर्षी येत होती ना?"

मी म्हणाले, "खडी फोडणारी बाई. तिला पूर्व-पश्चिम काय कळणार?"

थोडे लोक हसले. अनुषाने तेवढं वाक्य मागच्यांसाठी कन्नडात करून सांगितलं, ते मला आजही ऐकू येतं. ठराव झाला.

बाहेर मी नागनाथांना कागद दाखवला. खुणा समजावल्या. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, त्यांना काही कळलं नाही हे मला दिसत होतं.

"म्हणजे आम्ही इतकी वर्षं दुसरीकडेच दिवा लावत होतो की काय अक्का?"

"दिसतंय तर तसंच."

"तुम्ही शिकलेल्या. कागद खोटं कशाला बोलेल." चष्मा खिशात ठेवत ते स्वतःशीच म्हणाले, "पोरगी एवढी वर्षं अंधारात राहिली की मग."

त्या दिवाळीला त्यांनी पश्चिमेच्या कडेला दिवा लावला. जाणकाराने सांगितलेल्या जागी. एवढंच नव्हे, मला वर येऊन लाडू दिले. मी खाल्ले.

जानेवारीत पूर्वेला खोदकाम सुरू झालं. तिसऱ्या दिवशी मी फिरून येताना कंत्राटदाराचा मुकादम म्हणाला, "मॅडम, इथं बांगड्यांच्या काचा लई निघतात. ढिगाने." मातीत हिरवे तुकडे चमकत होते. मी थांबले. एक तुकडा उचलून पाहिला. मग स्वतःला सांगितलं, कामकरी बायका होत्या, बांगड्या फुटायच्याच. आणि घरी येऊन चहा टाकला. इथे माझी चूक संपली आणि लबाडी सुरू झाली, हे मला आज लिहिता येतं. तेव्हा मी चहाबरोबर खारी खाल्ली.

टाकी बांधून झाली. पुढच्या वर्षी असोसिएशनला फाटकापाशी पट्टीच्या इतिहासाचा फलक लावायचा होता, त्यासाठी आरेखनाची नक्कल हवी होती. मी प्रत बाल्कनीच्या काचेच्या दाराला आतून चिकटवली, वर ट्रेसिंग पेपर लावणार होते. कागद सरळ लागलाय का ते बघायला बाल्कनीत गेले आणि बाहेरून पाहिलं. उन्हात कागद आरपार दिसत होता, मागच्या बाजूने. मान वळवून खाली पट्टी पाहिली. पुन्हा कागद पाहिला. पट्टीचा वळणारा फाटा, गोल बांध, नाला, सगळं जिथल्या तिथे. कागद उलटा बघितला की सगळं जुळत होतं. झोपड्या पूर्वेला.

आमच्या ऑफिसात पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हे. मूळ आरेखन अर्धपारदर्शक कागदावर असतं. छपाईच्या यंत्रात ते पालथं गेलं की प्रत आरशातल्यासारखी निघते. अक्षरं उलटी दिसतात म्हणून लगेच ओळखू येते आणि फाडून टाकायची असते. माझ्या प्रतीवर अक्षरांचा कोपराच फाटला होता, आणि एच उलटा झाला तरी एचच. पण तो बांध? तो मला सातव्या मजल्यावरून रोज दिसत होता. कागदावर पश्चिमेला, जमिनीवर पूर्वेला. हा दुसरा, नंतरचा असेल, असं मी ठरवून टाकलं होतं. चौतीस वर्षांत मी किती पोरांना बोलले असेन, आधी जागेवर जाऊन ताडून बघा म्हणून! आणि मी लिफ्टने खाली उतरले नव्हते.

आठ दिवस मी गप्प बसले. या वयात रक्तदाब वाढवू नये, त्यांनाही त्रास कशाला, त्यांचा दिवा चाललाय की पश्चिमेला, असली कारणं मी स्वतःला दिली. नवव्या दिवशी सकाळी ते शिकवून मोकळे झाले तेव्हा गाडीत शेजारी जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. काचांचंही.

त्यांनी गाडीची किल्ली काढून मुठीत धरली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आईनं मला साठ वर्षं जागा दाखवली," ते म्हणाले. "आणि मी एका दुपारात तिला सोडलं. तुमच्या कागदासाठी."

"चूक माझी आहे नागनाथ."

"तुमची तुम्ही बघा अक्का. ही माझी."

मी घाईने बोलू लागले. असोसिएशनकडून तिथे दगड बसवून घेते, नाव कोरून घेते, बांगड्या दर वर्षी मी आणीन. त्यांनी हात वर केला.

"दगड नको. तुम्ही मीटिंगमध्ये म्हणाला होता की माझ्या आईला पूर्व-पश्चिम कळत नव्हतं. हौदु ना? तिथंच उभ्या राहा आणि तिला कळत होतं म्हणून सांगा. कन्नडात सांगा. तेव्हा गार्डांनी ऐकलं होतं, झाडणाऱ्या बायकांनी ऐकलं होतं. त्यांना समजायला पाहिजे."

बंगळुरात पन्नास वर्षं राहून माझं कन्नड भाजीवाल्यापुरतं. अनुषा म्हणाली, "मी वाचून दाखवते ना मॅडम, कशाला त्रास? आणि खरं सांगायचं तर आता टाकी झालीय, विषय कशाला उकरायचा?" मी म्हटलं, विषय तुझा नाही, माझा आहे, दोन मिनिटं दे. चार वाक्यं देवनागरीत लिहून काढली आणि शेजारच्या भाग्यलक्ष्मीकडून उच्चार घोटून घेतले. हो, तिचंही नाव तेच. दर वेळी हाक मारताना मला चटका बसायचा.

सभेला तेवढीच माणसं. मी उभी राहिले. वाचलं: गेल्या वेळी मी जे सांगितलं ते चूक होतं. माझा कागद उलटा होता. जमनाबाईंनी दाखवलेली जागा बरोबर होती. त्यांना दिशा कळत होत्या, मला कळल्या नाहीत, आणि टाकी त्यांच्या मुलीवर बांधली गेली ती माझ्यामुळे. दोनदा अडखळले. एका शब्दाला पुढच्या रांगेतली दोन पोरं हसली. माझ्या उच्चाराला, मजकुराला नव्हे. मजकूर त्यांच्या कानावरही गेला नसावा.

"थँक यू मॅडम," अनुषा म्हणाली. "पुढचा विषय, जलतरण तलावाच्या वेळा."

आणि लगेच सगळे बोलू लागले. मागे मात्र झाडलोटीची एक बाई तोंडावर पदर धरून टाकीच्या दिशेला बघत होती.

नागनाथ दाराशी होते. मी माणसांमधून वाट काढत त्यांच्यापर्यंत गेले. काहीतरी ऐकायला मिळेल अशी आशा होती, लपवत नाही.

त्यांनी चपला पायात सरकवल्या. "सांगितलंत. बरं झालं."

"यंदा अमावास्येला..." मी सुरुवात केली.

"यंदा दिवा कुठं लावायचा ते सांगू नका अक्का," ते म्हणाले. "ते मी बघीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांची मारुती पट्टीवर आली. एंजिनाचा आवाज मला वर ऐकू आला. मी बाल्कनीत गेले नाही.