डोकं हलतंय, अशी तक्रार आहे

ऑनलाइन विकणाऱ्या माणसाच्या घरात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक रिकामे खोके आणि दुसरे किस्से. खोके रद्दीवाला तरी नेतो. किस्से कोण नेणार? म्हणून म्हटलं, तुम्हीच ऐका. हसलात तरी चालेल. घडत होतं तेव्हा मात्र आमची पाचावर धारण बसलेली असायची, एवढं लक्षात असू द्या.

आम्ही म्हणजे दोघी. मी मूळची सांगलीची, नवऱ्याच्या नोकरीमुळे चेन्नईत पेरुंगुडीच्या फ्लॅटमध्ये आलेली. दुसऱ्या, शेजारच्या फ्लॅटमधल्या रुक्मिणीअक्का. तंजावरकडच्या मराठी, इथल्याच तिरुवल्लिकेणीच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. त्यांचं मराठी जुन्या पोथीतलं वाटतं, आणि मध्येच त्यात "अय्यो" आणि होकाराचं तमिळ "सेरि" येतं.

अक्कांचे थोरले भाऊ, अण्णा, तंजावरात मान डोलावणाऱ्या बाहुल्या करतात. धड वेगळं, डोकं वेगळं, आणि डोकं नुसतं आत टेकवलेलं. जरा वारा लागला की बाई लागली मान हलवायला! दुकानांनी त्या घेणं बंद केलं, तेव्हा आम्ही ऑनलाइन विकायला काढल्या. अण्णांनी बजावलं होतं, "हें दुकान बसलें तर मी साचे माळ्यावर टाकतों. मग पुन्हा काढणार नाहीं." चाळीस वर्षं वापरलेले साचे!

आणि ॲपचा नियम असा, की रेटिंग चारच्या खाली गेलं की दुकान बंद.

*

पहिला एक स्टार आला तो असा : "पार्सल आलं तेव्हा मी झोपले होते."

बस्स. बाहुलीबद्दल अक्षर नाही!

अक्का चष्मा पुसून तीनदा वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, "वसू, पेपर बरा लिहिलेल्या मुलास मी कधीं त्याच्या बापाचें तोंड बघून नापास केलें नाहीं."

मी हसले. रात्रीपर्यंत आमचं रेटिंग चार पॉइंट सहावर आलं आणि माझं हसू गेलं.

*

पुढच्या बाईंनी तीन स्टार दिले. "फोटोत साडी हिरवी दिसते, प्रत्यक्षात जास्त हिरवी आहे."

मी म्हटलं, "अक्का, दोन ओळींत सॉरी म्हणू आणि सोडून देऊ." पण तोवर अक्कांनी उत्तर लिहून टाकलं होतं! बाहुली खिडकीपाशी धरा, बल्बखाली धरा, दोन्ही निरीक्षणं वहीत लिहा, मग निष्कर्ष काढा. शेवटी : "घाई करूं नये."

बाईंनी घाई केली नाही. दुसऱ्या दिवशी शांतपणे तीनचा एक स्टार केला!

*

तेव्हापासून मोबाइलचं ते "टिंग" ऐकलं की आमच्या काळजात धस्स व्हायचं. अक्कांनी तर फोन स्टीलच्या तांदळाच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली, आवाज येऊ नये म्हणून. तो डब्यातून जास्तच घुमायचा.

एकदा लिफ्टमध्ये माझ्या नवऱ्याचा फोन तसाच वाजला. अक्का एकदम खालीच बसल्या. नवरा घाबरून म्हणाला, "अक्का, बरं नाही का वाटत?" अक्का डोळे मिटूनच विचारतायत, "किती स्टार?"

त्याच्या ऑफिसचा मेसेज होता. हसत हसत त्यांना उठवलं खरं, पण त्यांचा हात बर्फासारखा गार लागला.

*

मग कुणीतरी शहाण्याने सांगितलं, पॅकिंगचा व्हिडिओ काढत जा, वाद झाला तर पुरावा होतो. आम्ही काढायला लागलो. आणि लगेच पुढच्याच आठवड्यात वाद आला! "बाहुली फुटकी मिळाली."

आम्ही रुबाबात व्हिडिओ पाठवला. अक्कांनी बाहुली कशी आठ थरांत गुंडाळली, हलवून दाखवली, देवाचं नाव घेऊन डब्यात ठेवली, सगळं होतं.

कंपनीचं उत्तर आलं : "व्हिडिओत बाहुली दिसत नाही."

उघडून बघितलं. अकरा मिनिटं नुसती अक्कांची पाठ!

रेटिंग चार पॉइंट दोन. त्या संध्याकाळी अण्णांचा फोन आला, "पुढच्या बारा बाहुल्या रंगवूं काय?" अक्का "हो, हो" म्हणाल्या आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात गेल्या. खूप वेळ बाहेर आल्या नाहीत. मीही आत गेले नाही.

*

आणि मग ते आले. उत्तरेकडच्या कुठल्याशा शहरातले एक आजोबा. एक स्टार, आणि खाली इंग्रजीत : "हेड इज शेकिंग. डिफेक्टिव्ह पीस."

मान डोलावणाऱ्या बाहुलीची मान डोलते, म्हणून तक्रार! आम्ही आधी पोट धरधरून हसलो. मग कंपनीची नोटीस आली. सदोष माल विकल्याचा ठपका, वस्तू परत, पैसे परत, आणि निकाल विरुद्ध गेला तर रेटिंग काठावर.

दोन दिवस फॉर्म भरले. तिसऱ्या दिवशी कस्टमर केअरच्या मुलीचा फोन आला. अक्कांनी तो स्पीकरवर टाकला.

"मॅडम, डोकं हलतं हे तुम्हाला मान्य आहे?"

"हो तर! तें हललेंच पाहिजे!"

"मॅडम, ग्राहकसुद्धा तेच म्हणतायत."

*

पण अक्का गणिताच्या बाई. सोडतील कशाला! त्यांनी अपील लिहिलं. बाहुली का हलते, कशी हलते, डोकं कुठे टेकतं, तोल कसा साधतो, सोबत आकृती. या वेळी कंपनीतल्या कुणीतरी ते खरंच वाचलं. उत्तर आलं : "तुमचं म्हणणं मान्य. डोकं हलणं हा दोष नाही. परत आलेली वस्तू तपासून निकाल देऊ."

अक्कांनी देवापुढे साखर ठेवली. मला म्हणाल्या, "बघितलेंस? सत्य उशिरा पोचतें, पण पोचतें."

चार दिवसांनी निकाल पोचला.

"तपासणी केली. वर्णनात 'डोकं हलतं' असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात डोकं हलत नाही. निकाल ग्राहकाच्या बाजूने."

सोबत फोटो. आजोबांनी परत पाठवण्याआधी आपल्या हाताने दुरुस्ती करून बघितली होती. मानेभोवती पांढऱ्या डिंकाचा हा एवढा जाड पट्टा!

रेटिंग बरोब्बर चार. आता अर्धा स्टार जरी कुणी कमी दिला असता तरी दुकान बंद, आणि तंजावरातले साचे माळ्यावर. अक्कांनी अण्णांना काहीच कळवलं नाही. ते बिचारे बारा बाहुल्या रंगवत होते. ती डिंकवाली बाहुली आमच्याकडे परत आली, ती अक्कांनी टेबलावर ठेवली. पंखा लावला की तिच्या भोवतालच्या सगळ्या माना डोलवायच्या. ही ताठ बसून आमच्याकडे बघायची. मला तर तिच्याकडे पाठ करून बसावंसं वाटायचं.

*

पुढच्या सोमवारी टिंग झालं. नवी ऑर्डर.

मी नाव वाचलं. तेच आजोबा! तोच पत्ता!

"कॅन्सल कर," अक्का म्हणाल्या.

"आपण कॅन्सल केलं तर आपलंच रेटिंग जातं, अक्का."

"मग पाठवलें तर?"

ऑर्डरखाली आजोबांनी चार ओळी लिहिल्या होत्या, त्या मी मोठ्याने वाचल्या. "नातीसाठी हवी आहे. ती काहीही विचारायची, बाहुली हो म्हणायची. मी दुरुस्त केल्यापासून म्हणेना. तिने माझ्याशी बोलणं टाकलं आहे. कृपया डोकं सैल असलेलीच पाठवा."

अक्कांनी अण्णांकडून नुकत्याच आलेल्या बारातली एक उचलली, कानाला लावून हलवून बघितली, ठेवली, दुसरी घेतली. सातवी पसंत पडली. या वेळी व्हिडिओत बाहुली आहे ना, हे मी दर मिनिटाला तपासत होते. माझा हात इतका थरथरत होता की सगळा व्हिडिओच डोलतोय!

नंतरचे सहा दिवस कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. अक्कांचं जेवणात लक्ष नव्हतं. सातव्या दिवशी दुपारी तांदळाच्या डब्यात टिंग झालं.

डबा मी उघडला. अक्का भिंतीला टेकून उभ्या.

"वाच."

मी वाचलं. इंग्रजीत तेच शब्द, अगदी तेच : "हेड इज शेकिंग."

"अय्यो," अक्का खाली बसल्या. "स्टार बघ. किती आहेत तें बघ आधीं!"

मी बोट ठेवून मोजले. मग पुन्हा मोजले. "पाच, अक्का. पाच!"

मला वाटलं, आता त्या रडतील नाहीतर हसतील. पण त्या ताडकन उठल्या, माझ्या हातातला फोन परत माझ्याच हातात कोंबला आणि ओरडल्या,

"आत्तांच्या आत्तां लिही त्यांस, हात लावूं नका म्हणावें! डिंक कोठें ठेविला आहे तें विचार!"