देशमुखांच्या जीपची थरथर

प्रत्येक गॅरेजात एक डबा असतो. उरलेला नट, अर्धा स्क्रू, कुठला ते आठवत नाही आणि टाकवतही नाही, म्हणून त्यात पडतो. आमच्याकडं किस्से तसेच साठलेत. शहागंजमागं यांचं आणि रहीमभाईंचं मोटारदुरुस्तीचं गॅरेज, आणि पत्र्यापलीकडं आमची खोली. पाच महिन्यांचं बाळ झोपत नाही, म्हणून मी झोपत नाही. जागं माणूस काय करणार? ऐकत बसतं!

*

लढाई संपली आणि फौजेच्या जीपा लिलावात निघाल्या. फुलंब्रीच्या देशमुखांनी एक उचलली. दिसायला झकास, पण जरा वेग घेतला की नखशिखांत थरथरायची, म्हणून आमच्या गॅरेजात आणली.

देशमुख म्हणाले, "घोडं असतं तर म्हटलं असतं, ताप आलाय. हिला काय झालं?"

समोरच्या गवळीमामांनी निदान केलं, "नजर!" लिंबू-मिरची बांधली. पहिल्याच चकरेत जीपनं लिंबू झटकून टाकलं.

*

पण त्याच चकरेत बाळ झोपलं! मी देवळाजवळ उतरणार होते म्हणून मागं बसले होते. आठवड्यात पहिल्यांदा ते एवढं गाढ झोपलं. मग काय, रोज संध्याकाळी हे चाक तपासायला फुलंब्रीच्या रस्त्याला निघाले की मी बाळ घेऊन हजर.

"दुरुस्त नाही झालं ना अजून?" मी विचारायची.

यांना वाटायचं, बायकोला कामाची केवढी काळजी!

*

एके दिवशी बाळाची हनुवटी थरथरली. झालं! बाळाला घेऊन तडक डॉक्टरीणबाईंकडं गेले आणि विचारलं, "गाडीची थरथर लेकराला लागते का हो?"

त्यांनी बाळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "एवढ्याशा लेकरांची हनुवटी थरथरतेच. तुमचं शिक्षण किती?"

"मिडल पास. उर्दूतून."

"तरीच! न शिकलेलीला असलं सुचत नाही."

*

ही जीप चारी चाकांनी ओढते. नुसती मागच्या चाकांवर चालवायची, तर पुढच्या चाकांची ताकद एका लिव्हरनं सोडवावी लागते. यांनी मागचं एक चाक जॅकवर उचललं. म्हणाले, इंजिनावर फिरवून बघू, कुठं डगमगतंय ते. लिव्हर रहीमभाईंनी सोडवलाय असं यांना वाटलं. रहीमभाईंना वाटलं, यांनी.

गिअर टाकला. मागचं चाक हवेत गरगर, आणि पुढच्या दोघांनी जमीन धरली! जीप जॅकवरून उडी मारून रस्ता ओलांडून थेट गवळीमामांच्या कडब्यात.

गवळीमामा शांतपणे बाहेर आले. "म्हैस बघाया आली व्हय? गाभण हाय म्हनावं, इकायची नाय."

*

मग कळलं, चारी टायर सारख्या घेराचे नाहीत. रहीमभाईंनी मला समजावलं, "भाभी, चौघं खाट उचलतात, त्यात एक बुटका निघाला तर बाकीच्यांचे खांदे जातात." घेर मोजायला माझी शिवणाची टेप नेली. परत आली ती काळी आणि ताणलेली. बाळाचं माप आधीच घेतलेलं, पण अंगडं मी तिनंच बेतलं.

रहीमभाईंनी ते दोन्ही हातांनी पसरून धरलं. "भाभी, ये तो जीप का कवर है!"

*

शेवटी बुटका टायर बदलला. मग एकेक चाक गॅरेजातल्या बाकावरच्या आसावर मोकळं सोडायचं. जड बाजू आपोआप खाली येते. तिच्या समोरच्या बाजूला शिशाचा तुकडा बसवायचा, की चाकाचं वजन सारखं. चारी चाकं तशी केली. फुलंब्रीच्या रस्त्याला माझ्या हातातला पाण्याचा पेला हलेना!

"वाह!" रहीमभाई ओरडले.

बाळानं टक्कन डोळे उघडले आणि जो सूर लावला, तो घरी येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी देशमुख खुशीत जीप घेऊन गेले. मी दारात उभी राहून रडले. हे म्हणाले, "एवढी चांगली दुरुस्त झाली, आणि तू रडतेस?"

*

चार दिवसांनी माझा चेहरा बघून यांनाच उमगलं. एका बाजूला जड असलेलं एक जुनं चाक यांनी बाकावरच्या आसावर चढवलं, त्याला हँडल लावलं आणि बाकावर लाकडी पेटीत बाळाला निजवलं. हँडल फिरवलं की बाक थरथरायला लागायचा, अगदी जीपसारखा! बाळाचे डोळे मिटायला लागले. मी खांबाला टेकले.

तेवढ्यात देशमुख तणतणत आत आले. "लई गुळगुळीत केली राव गाडी! ड्रायव्हर डुलक्या घ्यायलाय!"

यांनी ओठांवर बोट ठेवलं. देशमुख बाकाच्या टोकाला बसले. एवढंच मला आठवतं.

पुढचं रहीमभाई सांगतात. ते तिसऱ्या प्रहरची, अस्रची नमाज पढून परत आले. "देशमुख बाकावर आडवे, घोरतायत. भाईसाब हँडल धरूनच झोपलेले. भाभी खांबाला टेकून गाढ. पूरा गॅरेज सोया पडा है! आणि छोटे मियाँ? टक्क जागे. लाथा मारमारून पेटी हलवतायत!"